सरड्याची धाव काचेपर्यंत

सरपटणारा प्राणी पहिल्यांदाच पाळू पाहणाऱ्याला हल्ली जो सल्ला मिळतो, तो प्राण्याबद्दल नसतोच. आधी पेटी आणा, दिवे लावा, दोन-तीन आठवडे आतलं तापमान मोजत बसा, आणि सगळं स्थिर झालं की मग त्यात राहणारा आणा. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत असं कोणी सांगत नाही. तिथे पिल्लू आधी घरात येतं, टोपली आणि पट्टा मागाहून. इथे क्रम उलटा का, याचं उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या चुकांमध्ये आहे. त्या चुका इतकी वर्षं टिकल्या, कारण हे प्राणी फार सावकाश मरतात.

वाक्य कठोर आहे, पण खरं आहे. छोटा पक्षी उपाशी राहिला तर दिवस-दोन दिवसांत जातो. अजगर महिनोन्‌महिने न खाता काढतो. कासव चुकीच्या खाण्यावर, चुकीच्या उजेडात वर्षानुवर्षं तग धरतं. तेवढ्या काळात पाळणाऱ्याची खात्री पटलेली असते की आपलं बरोबर चाललंय, आणि तोच सल्ला तो पुढच्याला देऊन मोकळा होतो.

गंमत म्हणजे, जे पुढे शास्त्रज्ञांना थर्मामीटर लावून सिद्ध करावं लागलं, ते अठराव्या शतकात एका इंग्रज पाद्र्याने नुसतं बघून टिपलं होतं. गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८० मध्ये त्यांच्या आत्याचं कासव आलं. नाव टिमथी. पेटीबिटी काही नव्हती, ते बागेतच राहायचं आणि हिवाळ्यात मातीत पुरून घ्यायचं. शरद ऋतूत ऊन मंदावलं की हे कासव भिंतीला टेकून आपली पाठ तिरपी करतं, म्हणजे उरलासुरला प्रत्येक किरण अंगावर घेता येतो, असं व्हाइट यांनी लिहून ठेवलं आहे. निरीक्षण अचूक होतं. फक्त टिमथी ही मादी होती, हे तिच्या मृत्यूनंतर कवचावरून कळलं.

काचेची पेटी आली ती मात्र वनस्पतींमुळे. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश बाटलीत बंद करून ठेवला होता. कोशाबरोबरच्या ओल्या मातीतून नेचा उगवला आणि बाहेरच्या काजळीभरल्या हवेतही आत टवटवीत राहिला. त्यातून त्यांच्या नावाची काचपेटी जन्माला आली. १८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर गेला, काच स्वस्त झाली आणि नेचे दिवाणखान्यांत पोहोचले. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं स्वतंत्र घर उघडलं. काचेआडून साप बघायची माणसाला सवय लागली ती या सुमारास.

पण नेच्यासाठी उत्तम असलेली पेटी सरड्यासाठी उत्तम असतेच असं नाही. वॉर्ड यांच्या पेटीचा गुण हा की आत सगळीकडे एकच हवा, एकच ओलावा. नेच्याला तेच हवं, कारण त्याला हलता येत नाही. सरड्याला येतं, आणि त्याचं सगळं जगणं त्या हलण्यावर उभं आहे.

हे नीट समजायला १९४४ साल उजाडावं लागलं. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या साप-सरड्यांच्या शरीराचं तापमान मोजलं. तोवरची समजूत अशी की हे ‘थंड रक्ताचे’ प्राणी, भोवतालची हवा जशी तसं त्यांचं अंग. प्रत्यक्षात दिसलं ते वेगळंच. कामात असलेला सरडा आपलं तापमान ठरावीक, बऱ्याच अरुंद पट्ट्यात राखतो, आणि ते राखतो जागा बदलून. उन्हात येतो, तापतो, सावलीत जातो, पुन्हा येतो. वाळवंटातल्या कित्येक सरड्यांचं अंग त्या वेळी माणसाच्या अंगाइतकं किंवा त्याहून गरम असतं. पचन, हालचाल, रोगाशी झुंज, सगळं त्यावर अवलंबून. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं.

पहिल्या पेटीबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम इथून आला आहे. पेटीचं एक टोक गरम, दुसरं थंड, आणि दोन्हीकडे लपायला जागा. लपायची जागा एकाच टोकाला असेल तर भित्र्या प्राण्याला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतलं एकच निवडावं लागतं. बहुतेक जण सुरक्षितता निवडतात आणि अर्धवट तापलेल्या अंगाने दडून बसतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आपण हिणवायला वापरतो. पेटीत तिचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो. कुंपणाच्या आत ऊन आणि सावली दोन्ही नसतील तर धावून जायचं कुठे?

ऊब द्यायची कशी, यावर बरेच प्रयोग झाले. आत तार असलेले तापणारे कृत्रिम दगड एके काळी सर्रास विकले जात. पोटाखालचा दगड चटका देतोय हे या प्राण्यांना वेळेवर उमगतंच असं नाही. त्यांच्यासाठी ऊब वरून यायची असते, सूर्यासारखी. भाजलेल्या पोटांचे सरडे आणि साप पशुवैद्यांकडे येऊ लागले, तसे ते दगड बदनाम झाले आणि प्रत्येक तापणाऱ्या वस्तूमागे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र, हवाच, हा नियम रूढ झाला. जुना तारेचा बल्ब इथे फार कामाचा ठरला. बहुतांश वीज उष्णतेत घालवतो म्हणून घराघरांतून हद्दपार झालेला तो बल्ब सरड्यासाठी त्याच दोषामुळे आदर्श होता.

उजेडाची गोष्ट आणखी उशिरा कळली. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बरी करून दाखवली. त्वचेवर अतिनील ‘बी’ किरण पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय कॅल्शियम हाडांत जात नाही. पाळलेल्या सरड्यांचे जबडे मऊ पडत होते, पाय वाकत होते. रोग तोच होता, पण खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या अतिनील नळ्या घरोघरी पोहोचायला १९९०चं दशक उजाडलं. तोवर कित्येकांनी पेटी खिडकीत ठेवून आपण ऊन दिलं असं मानलं. साधी काच हे किरण अडवते. आत फक्त उष्णता साठते, आणि बंद पेटीत ती जीवघेणी ठरते. २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या रानात कोणता सरडा, कोणता साप किती अतिनील घेतो हे मोजून त्यांचे चार गट पाडले. दिवा किती तीव्र आणि किती उंचीवर, हे आज त्या गटांवरून ठरवतात. आणखी एक फसगत: नळी पेटलेली दिसते, पण तिचे अतिनील किरण हळूहळू घटत जातात. म्हणून ती विझायच्या आधीच बदलायची असते.

एवढं ज्ञान जमत असताना बाजार मात्र आपल्याच वाटेने चालला होता. कानामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकी पाणकासव प्लास्टिकच्या छोट्या बशीत, मधोमध प्लास्टिकचं ताडाचं झाड, अशा रूपात लाखोंनी विकलं गेलं. बशी तळहाताएवढी, आणि कासव मोठं होऊन पाव मीटरच्या पुढे जाणारं. बहुतेक पिल्लं तेवढी जगलीच नाहीत. मुलं ती तोंडाजवळ नेत, त्यातून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग पसरला, आणि १९७५ मध्ये अमेरिकेने ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यात चालूच राहिली. जी कासवं वाढली ती जगभरच्या तळ्यांत सोडून देण्यात आली आणि तिथल्या मूळच्या कासवांच्या मुळावर उठली. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्यांची आयात थांबवली. पुढे हिरव्या इग्वानाच्या बाबतीत तेच घडलं. वीतभर पिल्लू म्हणून घेतलेला सरडा शेपटीसकट दीड मीटर होतो, हे घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं.

आजची ‘नवख्यांसाठी’ म्हणून सांगितली जाणारी यादी, म्हणजे बिबट्या पाल, दाढीवाला सरडा, कॉर्न स्नेक, बॉल पायथन, तुरेवाली पाल, ही निसर्गाने दिलेली नाही. जे प्राणी पेटीत पिढ्यान्‌पिढ्या वाढले, त्यांची ती यादी आहे. ऑस्ट्रेलियाने १९६०च्या दशकात आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात बंद केली, तरी तिथला दाढीवाला सरडा आज जगभर आहे. बाहेर पोहोचलेल्या थोड्या प्राण्यांची ती संतती. न्यू कॅलेडोनियातली तुरेवाली पाल तर नामशेष समजली जात होती. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली आणि काही वर्षांतच घरांत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या पालींत गणली जाऊ लागली. पेटीत जन्मलेला प्राणी खातो, कमी घाबरतो, अंगावर परजीवी कमी असतात. रानातून पकडलेला यातलं काहीच हमखास देत नाही. १९७५ पासून लागू झालेल्या साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे पुष्कळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम आला. तरीही २०१९ मध्ये भारतीय तारा कासवाला त्याच्या सर्वांत कडक यादीत टाकावं लागलं, यावरून चोरट्या मागणीचा अंदाज यावा. शिवाय प्रत्येक देशाचे कायदे वेगळे. पेटीच्याही आधी बघायची गोष्ट खरं तर ती.

पेटीतल्या पैदाशीने रंगांचा नाद लावला. कॉर्न स्नेकमध्ये काळा रंग नसलेली पिल्लं १९६०च्या दशकातच जन्मली होती. पुढे बॉल पायथनच्या रंगछटांचा एक बाजारच उभा राहिला. त्यातल्या ‘स्पायडर’ छटेच्या सापांचं डोकं डुलतं, तोल जातो, कारण नक्षी आणि दोष एकाच जनुकातून येतात. सुंदर आहे म्हणून नवख्याने तो घेऊ नये, असं मला स्पष्ट वाटतं.

सध्या वाद चालू आहे तो मापाचा. साप लहान पेटीत निवांत राहतो, मोठ्या जागेत बावरतो, असं पैदास करणारे वर्षानुवर्षं सांगत आले आणि खणांच्या कपाटांत साप ठेवत आले. पण साप वेटोळं घालून बसतो तसा पूर्ण लांबीत पसरतोही, हे आता नोंदवलं जातंय. पेटी सापाच्या लांबीला पुरेल एवढी हवी, ही मागणी त्यातून आली. मोठ्या जागेत साप बावरत असेल तर ती जागा बहुधा रिकामी असते. पाला, फांद्या, दोन-चार बिळं दिली की तोच साप संध्याकाळी फिरायला निघतो. पिल्लाला आज पुरेल ती पेटी घ्यायची की १५-२० वर्षं जगणाऱ्या पूर्ण वाढीच्या प्राण्याला लागेल ती आत्ताच घेऊन भरगच्च भरायची, यावर मतं अजून एक झालेली नाहीत. बशीतली कासवं आठवली की मी दुसऱ्या बाजूला झुकतो.