बेडूकमाशाची शेपटी कुठे जाते?

"पाय फुटले की बेडूकमाशाची शेपटी गळून पडते," हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पाल शेपूट टाकते ते आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच.

पण ही शेपटी तुटत नाही, जिरते. गळ्यातल्या थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की तिच्यातले स्नायू आणि त्वचा विरघळू लागतात आणि तो ऐवज शरीर वापरतं. याच दिवसांत तोंडाची ठेवण बदलत असल्यामुळे पिल्लू जवळपास उपाशीच असतं, म्हणजे शेपटी ही त्याची शिदोरी! हे जमतं, कारण शेपटीत मणके नसतातच, असतो तो पृष्ठरज्जूचा मऊ दांडा. तोही जिरतो. धडात मात्र हाड धरत जातं आणि मागच्या टोकाला युरोस्टाइल हे दांड्यासारखं एकच हाड तयार होतं. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाच्या सांगाड्यात 9 मणके मोजा, त्यांच्या मागे ते दिसेल.

पडताळायचं असेल तर पावसाळ्यात एकच डबकं रोज बघा. आधी मागचे पाय, मग पुढचे; तेव्हाही शेपटी जवळजवळ अख्खी. नंतर ती रोज आखूड, शेवटी काळा खुंट. तळाशी गळालेली शेपटी सापडणार नाही.