पॅरासर्फिंग २०२८ च्या यादीबाहेर का राहिले? : पार्श्वभूमी

जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमात एका नव्या खेळाची भर पडली: पॅराक्लाइंबिंग, म्हणजे अपंग खेळाडूंचे भिंत चढणे. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, ३३ इच्छुक खेळांमधून २२ खेळ पक्के झाले होते आणि आणखी दोन खेळांचा, क्लाइंबिंग आणि पॅरासर्फिंग (अपंगांचे लाटेवरचे सर्फिंग) यांचा, निर्णय यजमानांवर सोपवला होता. आपल्या पसंतीचा खेळ सुचवण्याची मुभा पॅरालिम्पिकच्या यजमानांना पहिल्यांदाच मिळत होती. त्या दोहोंपैकी क्लाइंबिंग आत गेले, सर्फिंग बाहेर राहिले.

कॅलिफोर्नियात भरणाऱ्या स्पर्धेत सर्फिंग नाही, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या. नाकारण्यामागे खर्च आणि गुंतागुंत ही कारणे पुढे आली. खर्चाचा मुद्दा लंगडा वाटतो. गुंतागुंतीचा तसा नाही, पण ती नेमकी कसली, यावर फारसे कोणी बोलले नाही. हा खेळ ज्या रीतीने जन्माला आला, त्या रीतीतच ती गुंतागुंत आहे. शरीर वेगळे म्हणून तोडगाही वेगळा, हे या खेळाचे मूळ. पॅरालिम्पिकला मात्र सारखेपणा लागतो: ठरावीक गट, ठरावीक निकष, ठरावीक साधने.

ती रीत कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जुन्या हवाईमध्ये लोक लहान फळीवर पोटावर झोपून, गुडघ्यांवर आणि उभे राहून, अशा सगळ्या तऱ्हांनी लाटेवरून येत असत. विसाव्या शतकात उभे राहणे म्हणजेच सर्फिंग असा समज पक्का झाला आणि बाकीच्या तऱ्हा दुय्यम ठरल्या. तरी त्या मेल्या नाहीत. साठच्या दशकात गुडघ्यांवर बसून चालवायचे आखूड, लवचीक बोर्ड आले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका बोर्ड बनवणाऱ्याने फोमचा छोटा बोर्ड तयार केला आणि पोटावर झोपून लाट घेणे पोरासोरांच्या आवाक्यात आले. बसून दुहेरी वल्ह्याने चालवायची वेव्हस्कीही रुळली. यातले काहीच अपंगांसाठी बनवलेले नव्हते. आज मात्र गुडघ्यांवर, पोटावर आणि बसून हे तिन्ही प्रकार पॅरासर्फिंगचे अधिकृत गट आहेत. सर्फिंगच्या मुख्य प्रवाहाने ज्या वाटा दुय्यम मानल्या, त्याच या खेळाला उपयोगी पडल्या.

संघटित प्रयत्न पहिल्यांदा दिसतो तो ऑस्ट्रेलियात, १९८६ मध्ये. मोटारसायकलच्या अपघातानंतर पुन्हा समुद्रात जाऊ पाहणाऱ्या सिडनीच्या एका माणसाने संस्था काढली. तिची पद्धत आजही जगभर चालते: कमरेएवढ्या पाण्यात स्वयंसेवकांच्या दोन रांगा उभ्या करायच्या आणि मधल्या गल्लीतून बोर्ड किनाऱ्यापर्यंत येऊ द्यायचा. कोणी पडलेच, तर दोन हात लगेच पोहोचतात. यात महागडे यंत्र नाही, लागते ती माणसांची फौज. अमेरिकेत २००१ मध्ये अशीच चळवळ सुरू झाली. तिच्यामागे होता व्यावसायिक सर्फर होण्याच्या उंबरठ्यावर, १९९६ मध्ये, वाळूच्या उथळ पट्ट्यावर आदळून मान मोडलेला एक तरुण. पुढे तो कोपरांवर छाती उचलून, पोटावर झोपून सर्फ करू लागला.

त्यानंतरच्या वर्षांतली कल्पकता खरी पाहण्यासारखी आहे. ती प्रयोगशाळांपेक्षा गॅरेजांमधून जास्त आली.

२००३ मध्ये हवाईच्या काउआई बेटाजवळ १३ वर्षांच्या एका सर्फर मुलीचा डावा हात शार्कने तोडला. महिन्याभरात ती पाण्यात परतली. आत जाताना समोरून येणाऱ्या लाटेखाली बोर्ड दाबून पलीकडे निघावे लागते आणि त्यासाठी दोन्ही हातांनी बोर्डच्या कडा धराव्या लागतात. तिच्या वडिलांनी बोर्डच्या मध्यावर एक पट्टा बसवला, एका हाताने धरण्यासाठी. बस्स, एवढेच. २००५ मध्ये ती शालेय वयोगटाची राष्ट्रीय विजेती झाली, तीही दोन हात असलेल्या मुलींविरुद्ध. या कथेतल्या धैर्याचे कौतुक भरपूर झाले, त्या पट्ट्याचे तितके झाले नाही. खरे तर पुढच्या असंख्य बोर्डांवर दिसणाऱ्या मुठी आणि कड्या याच जातीच्या आहेत.

पायाचा प्रश्न अधिक अवघड. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्या माणसाला मिळणारा नेहमीचा कृत्रिम गुडघा चालण्यासाठी घडवलेला असतो. पाय पुढे टाकताना तो वाकतो आणि शरीराचा भार आला की ताठ राहून आधार देतो. सर्फरला हवे असते नेमके उलटे: भार अंगावर असताना गुडघा वाकलेला राहावा, दबावा आणि पुन्हा वर ढकलावा. शिवाय खारे पाणी धातू खाते, वाळू सांध्यात शिरते आणि पोकळ पायात पाणी भरले की तो जड होतो. २००८ च्या अखेरीस एका अमेरिकी स्नोमोबाइल शर्यतपटूचा पाय गेला. त्याने स्वतःसाठी गुडघा बनवला, त्यात माउंटन बाइकचा शॉक अॅब्सॉर्बर बसवला आणि ती कल्पना इतर साहसी खेळांतही शिरली. रियुनियन बेटाजवळ २०११ मध्ये शार्कच्या हल्ल्यात पाय गमावलेल्या एका फ्रेंच सर्फरने तर कृत्रिम अवयव बनवणाऱ्या तज्ज्ञाला सोबत घेऊन खास सर्फिंगसाठीच गुडघा विकसित केला. वापरणाराच आराखडा करणारा, हे इथे पुन्हा पुन्हा दिसते.

मणक्याला इजा झालेल्यांचे प्रश्न बाहेरच्याला दिसतच नाहीत. इजेच्या खालच्या भागात शरीर थरथरून ऊब निर्माण करू शकत नाही, त्यामुळे थंड पाण्यात तापमान झपाट्याने उतरते. पाय बोर्डवर घासून सोलवटले तरी कळत नाही. म्हणून पूर्ण पायभर उघडणारी चेन असलेले वेटसूट, पोटाखाली आणि कोपरांखाली मऊ गाद्या, छाती उचलून धरणारा उंचवटा अशा गोष्टी आल्या. हातांनी पाणी मारत बोर्ड पुढे नेण्याची ताकद नसलेल्यांपैकी काहींनी बोर्डखाली छोटे जेट इंजिन बसवून पाहिले. वेव्हस्कीवर कमरेचा पट्टा लागतो, पण उलटल्यावर तो एका झटक्यात सुटलाही पाहिजे. आता लीशचे पाहा. बोर्ड हातचा निसटू नये म्हणून घोट्याला बांधायची ही दोरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आली, आणि तिच्या त्या काळच्या रबरी रूपाने उलट फेकलेल्या बोर्डमुळे वेटसूटच्या धंद्यातल्या एका बड्या असामीचा डोळा गेला. ज्याला घोटाच नाही त्याने ती कुठे बांधायची? कोणी दंडाला बांधली, कोणी कमरेला.

अंध सर्फर लाटेचा आवाज आणि बोर्डखालचा ओढा यांवर विसंबतात, सोबतच्या मार्गदर्शकाच्या हाकेवरही. २०१२ मध्ये ब्राझीलचा एक जन्मांध तरुण हवाईच्या पाइपलाइनवर लाट घेऊन गेला, जिथे उथळ खडकावर फुटणारी लाट डोळसांनाही धडकी भरवते.

इथपर्यंत सगळे सुटे सुटे होते. २०१५ मध्ये खेळाच्या जागतिक संघटनेने कॅलिफोर्नियात ला होया इथे पहिली जागतिक स्पर्धा भरवली. तिला १८ देशांचे ६९ खेळाडू आले. २०१८ मध्ये ही संख्या २४ देश आणि १२० खेळाडूंवर गेली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, सर्फिंगला टोकियो ऑलिम्पिकचे दार उघडले होते, त्यामुळे पॅरालिम्पिकची आशा बळावणे साहजिक होते. २०२१ च्या स्पर्धेपर्यंत नावात ‘पॅरा’ आले आणि गटांची घडी पॅरालिम्पिकच्या धाटणीने बसवली गेली.

खरी गाठ या गटांमध्ये आहे. आज एकूण नऊ गट आहेत. उभ्याने सर्फ करणाऱ्यांचे तीन: पहिल्यात हाताचे अपंगत्व, कमी उंची किंवा पायांच्या लांबीतला फरक; दुसऱ्यात गुडघ्याखाली एक पाय नसलेले; तिसऱ्यात गुडघ्याच्या वर पाय नसलेले किंवा दोन्ही पाय नसलेले. मग गुडघ्यांवरचा एक, बसून वल्हे मारणाऱ्यांचा एक. पोटावर झोपणाऱ्यांचे दोन, मदतीशिवाय जाणारे आणि लाटेत ढकलायला व परत बोर्डवर घ्यायला मदत लागणारे. दृष्टिबाधितांचे दोन. पुरुष आणि महिला धरले तर १८ विजेतेपदे.

यातले काही गट शरीरावरून ठरतात, काही खेळाडूने निवडलेल्या पद्धतीवरून. गुडघ्याच्या वर पाय कापलेला माणूस कृत्रिम पाय लावून उभा राहू शकतो किंवा पाय काढून ठेवून गुडघ्यांच्या अथवा पोटावरच्या प्रकाराकडे वळू शकतो. त्याचे अपंगत्व तेच, स्पर्धा मात्र वेगळ्या. पॅरालिम्पिकच्या वर्गीकरणाचा पाया असा की अपंगत्वाचा खेळावर होणारा परिणाम मोजायचा आणि सारखा परिणाम असलेल्यांना एकत्र आणायचे. सर्फरचा सवाल असा असतो: मी कोणत्या तऱ्हेने लाट घ्यायची हे मी ठरवणार की तक्ता? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. माझा कल सर्फरकडे आहे, पण गट ढिले ठेवले तर कमी अपंगत्वाचा खेळाडू सोयीच्या गटात जाऊन पदके गोळा करतो, ही भीती खोटी नाही.

गट घट्ट केल्यावर काय होते, हे स्नोबोर्डिंगने दाखवले आहे. हा सर्फिंगचा सगळ्यात जवळचा नातलग २०१४ मध्ये सोचीला पॅरालिम्पिकमध्ये आला तोच आखडलेल्या रूपात, एकच प्रकार आणि तोही फक्त पायाच्या अपंगत्वासाठी. २०१८ मध्ये व्याप वाढला. मग २०२२ च्या बीजिंग स्पर्धेत पायाचे अपंगत्व अधिक असलेल्या महिलांचा गट स्पर्धक कमी म्हणून वगळण्यात आला. एका अमेरिकी विजेतीने आपल्याहून कमी अपंगत्वाच्या गटात खेळू द्या अशी मागणी केली, ती फेटाळली गेली, आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने तिला परवानगी दिली. तिने तिथे सुवर्ण जिंकले. पाण्यातल्या खेळांचा अनुभवही सुखाचा नाही. पॅरासेलिंगला, म्हणजे अपंगांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींना, जागतिक प्रसार अपुरा म्हणून २०१६ च्या रिओनंतर बाहेर काढले गेले, ते अजून परतलेले नाही.

आता यजमानांच्या निर्णयाकडे परत येऊ. क्लाइंबिंग आत आले ते आठ पदकप्रकार आणि ८० खेळाडू एवढ्या आटोपशीर रूपात. म्हणजे त्या खेळातलेही अनेक गट बाहेर राहिलेच, हे सर्फिंग वगळल्याच्या निषेधात ऐकू आले नाही. भिंत कुठेही उभी राहते आणि सकाळी दहाचा सामना दहालाच होतो. समुद्र वेळापत्रक पाळत नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ताहितीच्या तेआहुपो इथे २७ जुलैला सुरू झालेले सर्फिंग लाटांची वाट पाहत ५ ऑगस्टपर्यंत लांबले.

समर्थकांचे म्हणणे होते की ऑलिम्पिक सर्फिंगची व्यवस्था असणारच, तीच वापरा. ऐकायला रास्त आहे. पण पुढे २०२५ मध्ये ऑलिम्पिकसाठी कॅलिफोर्नियातल्या ज्या लोअर ट्रेसल्स या किनाऱ्याची निवड झाली, ते ठिकाण लाटेसाठी अप्रतिम आणि व्हीलचेअरसाठी कठीण. तळाशी गोटे, आणि वाहने ठेवून पाण्यापर्यंत पायी किंवा सायकलने लांबलचक पायवाट. शिवाय ऑलिम्पिक ३० जुलै २०२८ ला संपते आणि पॅरालिम्पिक १५ ऑगस्टला सुरू होते, म्हणजे किनाऱ्यावरचा सगळा डोलारा तेवढे दिवस उभा ठेवायचा. ला होया किंवा हंटिंग्टन बीचसारखा सपाट, वाळूचा किनारा घेतला तर सोय होते, पण मग जागा वेगळी आणि खर्चही वेगळा.

तरीही खर्चाची सबब मला पटत नाही. अब्जावधी डॉलरच्या आयोजनात आठवडाभराची किनारी स्पर्धा हा मोठा आकडा नव्हे. १८ विजेतेपदांमधून पदकांसाठी सहा-आठ निवडायची तर कोणाला घरी बसवायचे, हे ठरवणे अधिक जड होते असे दिसते. बहुधा पहिली कुऱ्हाड मदत लागणाऱ्या गटावर पडली असती. त्यात खेळाडू कमी, साहाय्यक जास्त, आणि बोर्ड प्रत्येकाचा आपल्या शरीराबरहुकूम. हा गट वगळून पॅरालिम्पिक मिळत असेल तर घ्यावे का, यावर खेळातच एकमत नाही.

दरम्यान खेळाडूंनी वाट पाहणे सोडले आहे. २०२० नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःची व्यावसायिक मालिका उभी केली. हवाई, ऑस्ट्रेलिया, कोस्टा रिका आणि कॅलिफोर्निया असे तिचे टप्पे. जागतिक स्पर्धेचा नकाशा मात्र आखूड आहे: आधी ला होया, २०२१ आणि २०२२ मध्ये पिस्मो बीच, २०२३ आणि २०२४ मध्ये हंटिंग्टन बीच. २०१५ ते २०२४ या काळातली एकही जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियाबाहेर झालेली नाही, आणि जगभर पसरलेला खेळ म्हणून पुढचा अर्ज करताना जागतिक संघटनेला याचे उत्तर द्यावेच लागेल.