वजनकाट्यावरचा आकडा कसा वाचावा?

आमच्या मेडिकलमधल्या काट्यावरून उतरताना बहुतेक ग्राहक विचारतात, “एवढं वजन बरोबर आहे काय?” उंची कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. म्हणून काट्याशेजारी भिंतीवर उंचीची पट्टी लावली आहे. चपला काढा, टाचा भिंतीला टेकवा.

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, मिळतो. उंची 160 सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच, आणि वजन 64 किलो धरू. 64 भागिले 1.6 म्हणजे 40, पुन्हा 1.6 ने भागले की 25.

जागतिक तक्त्यात 24.9 पर्यंत वजन योग्य धरतात. आपल्यासाठी ही मर्यादा सैल आहे. तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या अंगात चरबी जास्त असते, तीही पोटात, आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 साली 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा, असे ठरवले. वरच्या उंचीला साधारण साडेसत्तेचाळीस ते साडेअठ्ठावन्न किलो वजन योग्य.

तरीही नुसत्या बीएमआयवर जाऊ नका. तालमीत घुमणाऱ्या पोराचा 27 आला तरी त्यात स्नायूंचे वजन असते. उलट हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असेल, तर बीएमआय 22 असला तरी धोका असतोच. त्यासाठी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांचा 80 च्या आत हवा. पँटचा नंबर सांगू नका; पँट पोटाखाली नेसतात!

गरोदर बायकांना हा हिशेब लागू नाही. मुलांचे तक्ते वयानुसार वेगळे असतात.

बीएमआय 18.5 च्या खाली असेल तर तेही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. प्रयत्न न करता वजन उतरत असेल आणि दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर आमच्याकडे टॉनिक मागू नका. आधी सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत होते.

वजन जास्त निघाले तर एकदम वीस किलोंचे ध्येय नको. 64 किलोंच्या माणसाने चार किलो उतरवले तरी मधुमेहाचा धोका कमी होतो. जोंधळ्याची भाकरी सोडायची गरज नाही. दुसऱ्यांदा वाढलेला भात, गोड चहा आणि सणावाराशिवायची कुंद्यासारखी मिठाई आवरा, आणि रोज अर्धा तास झपझप चाला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. पट्टी, काटा आणि टेप वापरायला पैसे नाहीत.