गुडघ्यातलं ‘आपोआप मेलेलं’ हाड : एका नावाची पार्श्वभूमी

‘स्पॉन्टेनियस ऑस्टिओनेक्रोसिस ऑफ द नी’, थोडक्यात सॉन्क, हे नाव रूढ झालं ते १९६८ साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या एका लेखामुळे. रुग्ण साठीच्या आसपासचे, त्यात बायकाच जास्त. गुडघ्याच्या आतल्या बाजूला अचानक कळ उठते, रात्री वाढते. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ, पण बोन स्कॅनमध्ये मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक ठळक उमटतं. मार लागलेला नाही, स्टेरॉइड नाही, दारू नाही. कारण सापडेना म्हणून ‘आपोआप’. रक्तपुरवठा तुटला असावा या अंदाजाने ‘नेक्रोसिस’, म्हणजे हाड मरणं. पुढची तीसेक वर्षं हा अंदाजच निदान म्हणून लिहिला गेला.

तो हलला २००० साली. शस्त्रक्रियेत काढलेली हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, लगेच खाली चीर दिसली आणि तिच्या कडेने हाड सांधण्याची धडपडही दिसली. मेलेलं हाड असलंच तर चीर आणि कूर्चा यांच्यामधल्या पट्टीपुरतं. आजार फार पुढे गेला नव्हता तिथे तेही नाही. म्हणजे आधी चीर, मग मृत्यू. ठिसूळ हाड रोजच्या चालण्याच्या भारानेच तडकतं, म्हणून नवं नाव आलं : ‘सबकॉन्ड्रल इन्सफिशियन्सी फ्रॅक्चर’. पुढे एमआरआयमध्ये यातल्या पुष्कळ गुडघ्यांत आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, मुळापासून फाटलेली आढळली. गादी जागेवरून सरकली की भार थेट हाडावर येतो. मग ‘आपोआप’ काय उरलं?

हा शब्दांचा खेळ नाही. ‘हाड मेलं’ असं ऐकलेली साठीची बाई सांधा बदलण्याचीच तयारी करते. ‘चीर पडलीय’ म्हटलं तर ती काठी किंवा वॉकर घेऊन पायावरचा भार कमी करते, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घेते. छोटी चीर काही महिन्यांत भरून येऊ शकते. मोठी असेल आणि हाड खचलं, तर मात्र शस्त्रक्रिया टळत नाही : वय आणि पायाचा बाक पाहून हाड कापून सरळ करणं, किंवा अर्धा वा पूर्ण सांधा बदलणं. हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधंही वापरून पाहिली गेली, पण ती खोट्या औषधाशी ताडून पाहिल्यावर ठोस फरक दिसला नाही.

आपल्याकडे गोंधळ वाढला तो कोविडनंतर. २०२१ मध्ये मुंबईतून खुब्याच्या एव्हीएनच्या, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याच्या, बातम्या आल्या आणि ‘बोन डेथ’ हा शब्द घरोघरी पोचला. तो आजार वेगळा : स्टेरॉइडशी जोडलेला, तरुणांतही होणारा, अनेकदा दोन्ही बाजूंना. गुडघ्यातही तसा प्रकार होतो, पण तो सॉन्क नव्हे. दोन्हींना ‘नेक्रोसिस’ म्हटल्यामुळे एकाची भीती दुसऱ्याला चिकटली.

गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दिसणाऱ्या ‘नेक्रोसिस’चा वाद १९९० च्या दशकात सुरू झाला. शस्त्रक्रियेने हाड मेलं, की आधीचीच चीर एमआरआय फार लवकर काढल्यामुळे नजरेतून सुटली, की गादीचा तुकडा काढल्यावर वाढलेल्या भाराने ती नव्याने पडली, यावर अजून एकमत नाही. एमआरआयच्या रिपोर्टांत आजही जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं तिरकी रेघ मारून शेजारी-शेजारी लिहिलेली दिसतात.