‘अदर ओएस’ ते एचईएन: प्लेस्टेशन ३ च्या जेलब्रेकची पार्श्वभूमी

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ३ हा गेमिंग कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या मेनूतच ‘इन्स्टॉल अदर ओएस’ (दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवा) हा पर्याय होता. हार्ड डिस्कचा एक भाग वेगळा काढायचा, त्यावर लिनक्स चढवायचे आणि स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालवायचे. हौशी मंडळींसाठी याआधी पहिल्या प्लेस्टेशनचे नेट यारोझे आणि प्लेस्टेशन २ चे लिनक्स किट निघाले होते, पण त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागत. इथे सोय यंत्राच्या किमतीतच होती. विद्यापीठांनी ही यंत्रे एकमेकांना जोडून आकडेमोडीला लावली. अमेरिकी हवाई दलाने तर १,७६० यंत्रांचा महासंगणक उभारला. मर्यादा होती ती हायपरवायझरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याही वर बसून यंत्रावर ताबा ठेवणाऱ्या थराची: लिनक्स त्याच्या पहाऱ्यात चाले आणि ग्राफिक्स चिप त्याला पूर्णपणे वापरता येत नसे.

सप्टेंबर २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये हा पर्याय नव्हता. आधी विकलेल्या यंत्रांवरची सोय काढणार नाही, असे कंपनीच्या बाजूने लेखी सांगितले गेले होते. जानेवारी २०१० मध्ये एका अमेरिकी तरुणाने लिनक्समध्ये शिरून, मेमरीच्या तारेवर बाहेरून क्षणभराचा विद्युत-ठोका देत, हायपरवायझरचा पहारा मोडला. यंत्र उघडून डाग द्यावे लागणारी ही युक्ती होती. तिने कोणी चोरीचा गेम चालवू शकत नव्हते. तरीही १ एप्रिल २०१० ला ३.२१ हे फर्मवेअर (यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर) आले आणि सुरक्षेचे कारण देऊन ‘अदर ओएस’ सर्वांकडून काढून घेतले गेले.

अपडेट सक्तीचे नव्हते, असे कंपनीच्या बाजूने सांगितले जाते. कागदावर ते खरे आहे. पण अपडेट नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळणे बंद, स्टोअर बंद, आणि नवे फर्मवेअर मागणारे गेम व ब्लू-रे चित्रपटही बंद. म्हणजे पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या दोन गोष्टींपैकी एक सोडा, एवढीच निवड उरली. सुरक्षेची चिंता खोटी नव्हती, पण तिची किंमत ज्यांनी काही मोडले नव्हते त्यांच्याकडून वसूल झाली. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा लावला. तो एकदा फेटाळला गेला, अपिलात अंशतः जिवंत झाला आणि २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरच्या तडजोडीवर आला. तोवर ती यंत्रे जुनी झाली होती.

पुढचे वेगाने घडले. ऑगस्ट २०१० मध्ये यंत्र जेलब्रेक करणारे, म्हणजे कंपनीने घातलेली बंधने तोडणारे, यूएसबी डोंगल विकायला आले आणि त्याच्या मागोमाग पायरसी आली. डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर परिषदेत एका गटाने मूळ दोष दाखवला. सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करताना दर वेळी नवा यादृच्छिक आकडा घ्यावा लागतो. इथे तोच तो आकडा वापरला गेला होता. त्यामुळे दोन सह्या हाती आल्या, की शाळेतल्या बीजगणिताने कंपनीची सही करण्याची खासगी किल्ली निघत होती. त्याच गटाचे म्हणणे होते की लिनक्सची वाट उघडी होती तोवर कुशल लोकांना हे यंत्र फोडण्याची गरजच वाटली नाही. मला ते पटते. जानेवारी २०११ मध्ये त्या अमेरिकी तरुणाने मुख्य किल्ली प्रसिद्ध केली. त्याच्यावरचा खटला एप्रिलमध्ये तडजोडीने मिटला. विकलेल्या यंत्रांमधली किल्ली मात्र बदलता येत नव्हती.

आज जुन्या जाड मॉडेलवर आणि सुरुवातीच्या स्लिमवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे हौशींनी बदललेले फर्मवेअर, कायमचे बसते. नंतरच्या स्लिमना आणि सुपरस्लिमना २०१९ पासून एचईएन (होमब्रू एनेबलर, म्हणजे हौशींनी लिहिलेले प्रोग्राम चालू देणारे सॉफ्टवेअर) मिळाले, पण यंत्र बंद करून लावले की ते पुन्हा चालू करावे लागते. २०२१ मध्ये कंपनीने या यंत्राचे ऑनलाइन स्टोअर बंद करण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर काही आठवड्यांतच माघार घेतली. होमब्रूकडे वळणाऱ्या अनेकांना आता नवे गेम नको असतात. विकत घेतलेले गेम आणि त्यातले सेव्ह मरणाऱ्या डिस्कवरून वेळेत उतरवून घ्यायचे असतात.