पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या एका रस्त्याला सगळे ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसं, त्यात टीव्ही चालू. मग पोरांनी पुस्तक घेऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. तिथे एकदा एक मुलगी पाहिली. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मिटलेलं, पानांत बोट. ती येरझाऱ्या घालत पुटपुटत होती. अडली की थांबायची, कपाळाला आठ्या घालून आठवायची, आणि अगदीच जमेना तेव्हा बोट असलेलं पान उघडायची.

तिला कोणी सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. पण ती करत होती ते नेमकं बरोबर होतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्यांनी एकाच सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त कोणाला होती? वाचणाऱ्यांना!

इथेच आपली मुलं फसतात. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘येतंय मला’ असं वाटू लागतं. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. रोज मध्य रेल्वेने जाणाऱ्याला गाडीतून प्रत्येक स्थानक ओळखू येतं. त्यालाच डोळे मिटून दादर ते मुलुंड स्थानकं क्रमाने सांगायला लावा, नाहूर हमखास सुटतं. परीक्षेत तर डोळे मिटूनच स्थानकं सांगायची असतात. आठवताना मेंदूला जे कष्ट पडतात, त्यांनीच ती आठवण पक्की होते.

उजळणी कधी करायची, हेही महत्त्वाचं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, नंतर मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून एका रविवारी तीन तास बसण्यापेक्षा आज, दोन दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात तासतासभर बसलेलं बरं.

आणि झोप. दिवसा शिकलेलं गाढ झोपेत मेंदू पुन्हा घोळवतो आणि पक्कं करतो. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते, शिवाय या वयात झोप येतेही उशिरा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांचाही विचार व्हायलाच हवा.

तोवर घरी एक करता येईल. आईबाबांना मुलांच्या पुस्तकातलं समजत नसलं तरी चालेल. रात्री जेवायला बसल्यावर विचारा, ‘आज विज्ञानात काय शिकवलं, मला समजेल असं सांग.’ पुस्तक दप्तरातच राहू द्या, आणि पोर अडलं तर लगेच सांगू नका, जरा वेळ थांबा.