लॉगिनला पाच मिनिटं लागतात? रॅम टाकायच्या आधी हे बघा

सकाळी हापिसात सगळे एकदमच कॉम्प्युटर चालू करतात, पासवर्ड टाकतात आणि ते चक्र गोल गोल फिरत बसतं, लोकं खाली टपरीवर चहा पिऊन येतात तरी डेस्कटॉपचा पत्ता नाही. यावर आपल्याकडं ठरलेलं औषध एकच, "मशीन जुनं झालंय, रॅम टाका". पण राव, बऱ्याचदा मशीन काहीच करत नसतं, ते नुसतं कोणाची तरी वाट बघत असतं.

खात्री करायची तर जो माणूस त्या मशीनवर रोज बसतो त्यालाच नेटवर्कची केबल काढून लॉगिन करायला लावा, वायफाय असेल तर तेही बंद. विंडोज शेवटच्या 10 युजरची माहिती मशीनमध्येच जपून ठेवतं, म्हणून सर्व्हर नसला तरी आत घेतं. केबल काढल्यावर झटक्यात डेस्कटॉप आला तर मशीनचा काही दोष नाही, भानगड नेटवर्कवरच्या कशात तरी आहे.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण, डीएनएस, म्हणजे नाव सांगितलं की त्या मशीनचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. डोमेन असलेल्या, म्हणजे सगळ्यांची खाती सर्व्हरवर एकत्र ठेवलेल्या हापिसात पासवर्ड तपासतो डोमेन कंट्रोलर नावाचा सर्व्हर, आणि तो कुठंय हे मशीन डीएनएसला विचारतं. ही नोंद फक्त हापिसाच्या आतल्या डीएनएसमध्येच असते. होतं काय, नेट स्लो आहे म्हणून कोणीतरी येतो आणि मशीनमध्ये गूगलच्या डीएनएसचा आयपी 8.8.8.8 टाकून जातो. नेट तर चालतं, सगळे खूश, पण गूगलच्या त्या सर्व्हरला तुमचा आतला सर्व्हर विचारणं म्हणजे सेलूतल्या घराचा पत्ता दादरच्या पोस्टात विचारणं झालं. "मी तर ते दोन नंबरला टाकलंय" असं म्हणणारे पण भेटतात, ते तर जास्त डोक्याला ताप, कारण पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडं जातं, तिथं "असं नाव नाही" ऐकतं, आणि मग एक दिवस चांगलं, एक दिवस स्लो असा खेळ चालू. मशीनमध्ये फक्त डोमेन कंट्रोलरचाच आयपी ठेवा, 8.8.8.8 पाहिजेच असेल तर सर्व्हरवरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर म्हणून, म्हणजे बाहेरची नावं पुढं विचारायला टाका.

डीएनएस बरोबर असेल तर सर्व्हरवरून जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह बघा. जुना सर्व्हर भंगारात गेला पण लॉगिन करताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्याचा झेड ड्राइव्ह तसाच. बंद आयपीला कनेक्ट व्हायला गेलं की विंडोज पुन्हा पुन्हा हाक मारतं आणि साधारण 21 सेकंदांनी नाद सोडतं. असे दोन ड्राइव्ह आणि एक जुना प्रिंटर धरा, मिनिट तिथंच गेलं.

रोमिंग प्रोफाइलवाल्यांचं, म्हणजे ज्यांचा डेस्कटॉप आणि सेटिंग सर्व्हरवर राहून प्रत्येक मशीनवर सोबत येतं त्यांचं दुखणं वेगळं. डेस्कटॉपवर साहेबांनी पोरीच्या लग्नाचे फोटो ठेवलेत, साहेब नवीन मशीनवर बसले की ते फोटोही सर्व्हरवरून उतरतात, 10 एमबीपीएसच्या लाइनवर 1 जीबीला तेरा-चौदा मिनिटं.

घड्याळाला मात्र लोकं उगाच धरतात. लॉगिन तपासणाऱ्या केर्बरॉस पद्धतीला मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळात 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही हे खरं, पण त्यानं सहसा एरर येते, उशीर होत नाही.

आणि शाखा असलेल्यांनी एवढं बघाच. हेड ऑफिस संभाजीनगरला, शाखा परभणीला, दोन्हीकडं कंट्रोलर आहे, तरी परभणीचं मशीन संभाजीनगरला विचारायला जातं. कमांड प्रॉम्प्टवर set लिहून LOGONSERVER या ओळीपुढं कोणाचं नाव येतं ते बघा. लांबचं नाव दिसलं तर बहुतेक राउटर बदलताना परभणीची आयपी रेंज बदलली आणि कुठली रेंज कुठल्या शाखेची हे जिथं लिहिलेलं असतं त्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या (डोमेनच्या खात्यांची यंत्रणा) साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये नवीन सबनेट, म्हणजे ती नवीन रेंज टाकायचं राहिलं. ते टाकून परभणीच्या साइटला जोडा, मशीन रीस्टार्ट करा आणि तीच ओळ परत बघा.